१७ सप्टेंबरसाठी स्वामी रामानंद तीर्थांवर आठ फलक: तारखा, नकाशा, रकमा तपासून हव्यात

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववीची मुलं यंदा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला (१७ सप्टेंबर) निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आयुष्यावर फलक करणार आहेत. आठ फलक, प्रत्येक दोन बाय तीन फूट, उभे. मजकूर मुलांनीच जमवलाय, पण त्यातला निम्मा मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतला आहे. काही वाक्यं वाचून शंका आली ती अशी: "मराठवाड्याच्या मातीत जन्मलेले स्वामीजी", "१९४२ साली निजामाने काँग्रेसवर बंदी घातली", "स्वामीजींनी उमरीची बँक लुटून २१ लाख रुपये आणले". शिवाय नकाशा काढायचाय आणि तो कुणाकडेच धड नाही. एका आजोबांच्या घरचा उर्दू कागद मुलांना मिळालाय, त्यावर १३५७ असं साल आहे. तो कुठल्या फलकाला लावायचा? माहीतगारांनी सांगावं, फलक पुढच्या आठवड्यात छापायला द्यायचेत.

जुनंदप्तर
ताई, तिन्ही वाक्यं दुरुस्त करावी लागतील. क्रमाने घेतो.

जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगी, विजापूर जिल्हा. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. शिक्षण सोलापूरला, तेही इंग्रजी मुलूखच. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले तेव्हा व्यंकटेश सोळा वर्षांचा होता. आजन्म ब्रह्मचारी राहून देशकार्य करायचं, हा निश्चय तेव्हाचा. पुढे अमळनेर, मग पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे सचिव म्हणून काम. हा कामगार चळवळीचा तुकडा फलकांवर हमखास गाळला जातो. तो गाळू नका. संघटना बांधणं, हिशेब ठेवणं, पत्रव्यवहार करणं ही सवय तिथली आहे आणि पुढे स्टेट काँग्रेसमध्ये, म्हणजे हैदराबाद संस्थानातल्या काँग्रेसमध्ये, ती दिसते.

निजामाच्या राज्यात ते आले ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसाठी, १९२९ मध्ये. हे हिप्परगा (रवा), आजच्या लोहारा तालुक्यातलं. संन्यासदीक्षा या हिप्परग्याच्या काळातली, आणि "रामानंद तीर्थ" हे नाव तेव्हापासूनचं. म्हणून त्याआधीच्या फलकांवर "व्यंकटेश" लिहा. सोळा वर्षांच्या पोराला "स्वामीजी" म्हटलं की वाचणाऱ्याला कळतच नाही हा माणूस कधी बदलला. १९३५ ला अंबाजोगाई, योगेश्वरीची शाळा. १९३८ ला शाळा सुटली आणि पूर्ण वेळ राजकारण.

बंदीचं: स्टेट काँग्रेसवर बंदी सप्टेंबर १९३८ ची. संस्था नीट उभी राहायच्या आतच बंदी आली. ती उठली जुलै १९४६ ला. म्हणजे १९४२ ला बंदी "घातली" नाही, ती होतीच.

बालाघाटी
वर एक जोड. १९३८ च्या आधी काँग्रेस नव्हती म्हणजे काहीच नव्हतं, असं फलक वाचून वाटू नये. महाराष्ट्र परिषद होती, निजामी राज्यातल्या मराठी लोकांची संघटना. पहिलं अधिवेशन परतूर, १९३७, अध्यक्ष गोविंदराव नानल. दुसरं लातूर, १९३८, अध्यक्ष श्रीधर वामन नाईक. आणि स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाची पहिली तुकडी २४ ऑक्टोबर १९३८ ला निघाली ती नानलांच्याच नेतृत्वाखाली. स्वामीजींची तुकडी त्यानंतरची, शिक्षा अठरा महिने. "पहिला सत्याग्रह स्वामीजींनी केला" असं मुलांनी लिहिलं असेल तर तेही बदला.

त्याच सुमाराला आर्य समाजाचा सत्याग्रहही चालू झाला, आणि नोव्हेंबरात उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. हे तीन वेगळे प्रवाह आहेत. एका फलकात कोंबले तर तिन्हींची तारीख एकच होऊन बसते.

मांजराकाठ
जुनंदप्तर सर, बालाघाटी सर, आभार. पहिल्या फलकाला आता "सिंदगी ते हिप्परगा" असं नाव दिलंय. त्या १३५७ बद्दल कुणी सांगेल का? मुलांनी पंचांगातून काहीतरी गणित करून १९३८ काढलंय.

जुनंदप्तर
मुलांचं गणित बरोबर असू शकतं आणि साफ चुकीचंही. निजामी कागदावर दोन सनं चालायची, हिजरी आणि फसली.

हिजरी १३५७ म्हणजे मार्च १९३८ ते फेब्रुवारी १९३९. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह त्यातच येतो.
फसली १३५७ म्हणजे ६ ऑक्टोबर १९४७ ते ५ ऑक्टोबर १९४८. उमरी बँक, रझाकार (निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना), पोलीस ॲक्शन (सप्टेंबर १९४८ ची भारताची लष्करी कारवाई), सगळं त्यात.

दहा वर्षांचा फरक, आकडा तोच. योगायोग असा विचित्र की दोन्ही वर्षं लढ्याच्या ऐन भरातली. त्यामुळे कागद "पटतो" दोन्हीकडे, आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

ओळखायचं कसं ते सांगतो.

आधी आकड्यापाशी अक्षर शोधा. फसलीसाठी उर्दू "फे", हिजरीसाठी दोनडोळी "हे". बारीक असतं, झेरॉक्समध्ये उडतं. मूळ कागदाचा उजेडात फोटो घ्या.

अक्षर नसेल तर महिना वाचून घ्या. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान यांतला महिना असेल तर फसली. मोहरम, सफर, रबी, जमादी, रज्जब, शाबान, रमजान, सव्वाल, जिल्काद, जिल्हेज असेल तर हिजरी. "शाबान" आणि "आबान" यांत घोळ होतो, तेवढं सांभाळा.

फसलीचं इसवी सन काढायचं तर ६ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरमधल्या तारखेला ५९० मिळवा, १ जानेवारी ते ५ ऑक्टोबरमधल्या तारखेला ५९१. लोक सरसकट ५९० धरतात आणि आबान १३५७ चा कागद, जो सप्टेंबर १९४८ चा असतो, तो १९४७ चा होऊन बसतो. वर्ष आजूरपासून सुरू होतं, जानेवारीपासून नाही, हे ध्यानात ठेवलं की चूक होत नाही. पडताळा घ्यायचा तर जहागिरी रद्द करणारा कायदा घ्या. तो १३५८ फसलीचा म्हणून ओळखला जातो आणि निघाला ऑगस्ट १९४९ मध्ये. १३५८ अधिक ५९१, बरोबर १९४९.

शेतीचा, महसुलाचा, शाळेचा कागद असेल तर फसली असण्याचा संभव जास्त. पण संभवावर फलक छापू नका, महिना वाचून घ्या.

मांजराकाठ
फोटो मोठा करून एका उर्दू शिक्षकांना दाखवला. महिना "इस्फंदार" म्हणतात. म्हणजे फसली?

जुनंदप्तर
फसली. इस्फंदार साधारण जानेवारीचे पहिले दिवस ते फेब्रुवारीचे पहिले दिवस. १३५७ अधिक ५९१, म्हणजे १९४८ चा जानेवारी किंवा फेब्रुवारीची सुरुवात. तुमचा कागद शेवटच्या टप्प्याच्या फलकाला जाईल, सत्याग्रहाच्या नाही.

पैनगंगापार
आता उमरी. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने स्वामीजींवरही अन्याय केला आणि ज्यांनी ते काम केलं त्यांच्यावरही.

उमरी बँकेची कारवाई ३० जानेवारी १९४८ ची. गांधीजींची हत्या झाली तोच दिवस. ती केली उमरखेडच्या सरहद्द कॅम्पच्या, म्हणजे हद्दीपलीकडे भारतात राहून निजामाशी लढणाऱ्यांच्या शिबिराच्या, लोकांनी. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे भारतात. मध्ये पैनगंगा, आणि दक्षिणेला हदगाव, भोकर, उमरी हा निजामी मुलूख. उमरखेडहून उमरी सरळ रेषेत साठएक किलोमीटर, पण सरळ रेषेत कोण जातंय! या कॅम्पची सूत्रं बाबासाहेब परांजपे यांच्याकडे होती. तेही अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतलेच. तुमच्या तालुक्याच्या मुलांना हे नाव माहीत असायलाच हवं.

स्वामीजी तेव्हा कुठे होते? १५ ऑगस्ट १९४७ ला अटक, भारत आणि निजाम यांच्यातल्या २९ नोव्हेंबरच्या जैसे थे करारानंतर सुटका, जानेवारी १९४८ च्या अखेरीस पुन्हा अटक, आणि मग थेट पोलीस ॲक्शन संपेपर्यंत तुरुंग. तेरा महिन्यांच्या सशस्त्र पर्वातले बाहेरचे महिने जेमतेम दोन. कॅम्प चालवले ते स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने. अध्यक्ष दिगंबरराव बिंदू, आणि गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं सोबत. स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष, म्हणून नैतिक जबाबदारी त्यांची, पण हातात बंदूक घेऊन बँकेत शिरल्याचं चित्र काढलं तर ते खोटं चित्र होईल.

खडकतळ्याचा
मग "क्रांतिकारक" म्हणायचं की नाही? आमच्याकडे तर दरवर्षी भाषणात तेच म्हणतात.

पैनगंगापार
म्हणा की. निजामाची गादी हलवायची, राज्य भारतात विलीन करायचं आणि जहागिऱ्या मोडायच्या, याहून मोठी क्रांती कुठली? नुसतं पिस्तूल म्हणजे क्रांती, ही समजूत आधी काढून टाकू. पण "सशस्त्र कारवाईचे सूत्रधार" असं लिहू नका. शिबिरातल्या माणसाचं काम तुरुंगातल्या माणसाच्या नावावर जमा करायचं नाही, एवढंच.

बालाघाटी
इथे थोडं वेगळं मत. तुरुंगात होते म्हणून संबंध नव्हता, असंही नाही. १६ ते १८ जून १९४७ ला मुशीराबादच्या अधिवेशनात त्यांनी विलीनीकरणाची उघड मागणी केली, ७ ऑगस्टला "भारतीय संघराज्यात सामील व्हा" दिन पाळायला लावला, १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकवला. निजामाचं फर्मान ११ जूनचं, दोन्ही देशांत सामील होणार नाही म्हणून. म्हणजे आठवड्याच्या आत स्टेट काँग्रेसचं उत्तर. रस्ता त्यांनीच आखून दिला होता. अटकेनंतर त्यावरून बाकीचे चालले. फलकात दोन रकाने करा: डावीकडे स्वामीजी कुठे, उजवीकडे बाहेर काय चाललंय. तारखा समोरासमोर आल्या की वाद मिटतो.

पैनगंगापार
दोन रकान्यांची कल्पना झकास. मान्य.

शिक्काहाली
रकमेबद्दल. सुमारे २१ लाख हा आकडा ठीक, पण "रुपये" म्हणून सोडू नका. निजामाचं चलन वेगळं, उस्मानिया शिक्का, लोक त्याला हाली म्हणायचे. इंग्रजी रुपया म्हणजे कलदार. ठरलेला दर १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, सरळ भाषेत सहा कलदारला सात हाली. २१ लाख हालीचे कलदार १८ लाख. मुलांकडून हे त्रैराशिक फलकावरच सोडवून घ्या.

दुसरं, चित्रात पोत्यांतून खळखळणारी चांदीची नाणी दाखवतात. चांदीचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा. २१ लाख नाण्यांचं वजन तेवीस हजार चारशे किलोच्या वर, म्हणजे साडेतेवीस टन. एवढं ओझं साठ किलोमीटर पळवून नदीपार न्यायचं म्हणजे बैलगाड्यांचा तांडाच लागेल. तेव्हा मोठा भाग नोटांचा, हे उघड आहे. पोत्यात नोटांची बंडलं काढा.

आणि "लुटली" हा शब्द. ही रक्कम कुणी घरी नेली नाही. ती लढ्याच्या कामी लागली आणि तिचा हिशेब संघटनेला दिला गेला. फलकावर "उमरी बँक कारवाई" लिहा आणि त्याखाली हिशेबाची ओळ न विसरता टाका. मुलं नेमकं हेच विचारतात, पैशांचं पुढे काय झालं म्हणून.

खडकतळ्याचा
नेमकी उमरीचीच बँक का?

शिक्काहाली
उमरीची बँक म्हणजे हैदराबाद स्टेट बँकेची शाखा, आणि ती १९४१ च्या कायद्याने निघालेली सरकारी बँक होती, निजामाच्या चलनाचं कामही तिच्याकडेच. म्हणजे सावकाराची पेढी फोडण्यासारखं ते नव्हतं, सरकारच्या खजिन्यावरच हात होता. उमरी रेल्वेवरचं व्यापारी गाव, मनमाड-सिकंदराबाद मार्गावर. आणि पैनगंगेपासून एका दमात परतता येईल इतकं जवळ. नांदेडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी बंदोबस्त भारी, लहान खेड्यात रोकड नाही. मधलं ठिकाण असंच.

दुधनातीर
बँक गाजली म्हणून कॅम्पचं रोजचं काम झाकून जातं. ते फलकावर आणायचं असेल तर चार गोष्टी पुरेत.

करोडगिरी नाके. हे निजामाचे जकात नाके, सरहद्दीवर आणि गावांच्या तोंडाशी. नाका जाळला की त्या रस्त्याची जकात बंद आणि नाक्याचं दप्तरही खलास.

शिंदीची झाडं. जमीन महसुलाखालोखाल निजामाचं मोठं उत्पन्न अबकारीचं. शिंदीचं झाड तोडलं की ताडीचा लिलाव कोण घेणार? १९४७ च्या जंगल सत्याग्रहात कुऱ्हाड चालली ती म्हणून. वरवर बघणाऱ्याला ते नुसतं झाडं तोडणं वाटतं, आणि मुलं "पर्यावरणाचं नुकसान" म्हणून हमखास विचारतात. उत्तर तयार ठेवा.

लेव्ही. पिकातला ठराविक हिस्सा सरकारी दराने द्यायचा. लेव्हीचं धान्य जाऊ न देणं, हे शेतकऱ्याच्या रोजच्या दुखण्याला हात घालणारं काम. सभेला न येणारा माणूस लेव्हीच्या प्रश्नावर यायचा.

पटवाऱ्याचं दप्तर आणि तारा. दप्तर जळालं की वसुली थांबते, तार तोडली की ठाण्याला निरोप उशिरा जातो. याचा एक तोटा आज आपल्यालाच भोगावा लागतो: ज्या गावचं दप्तर जळालं त्या गावचे १९४७ आधीचे कागद मिळत नाहीत. "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असा शेरा मिळाला तर प्रत्येक वेळी कारकुनाचा आळस समजू नका.

आणि एक, बायकांचा फलक वेगळा करू नका, याच कामात त्यांना दाखवा. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव इथेच यायला हवं.

खडकतळ्याचा
कॅम्पवाल्यांना पुढे पेन्शन मिळाली ना? तेही टाकायचं का?

दुधनातीर
एका ओळीत टाका, जास्त नको. केंद्राची योजना १९७२ पासूनची, १९८० ला तिचं नाव स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजना झालं. सर्वसाधारण अट सहा महिने तुरुंगवास किंवा तेवढंच भूमिगत राहणं. कॅम्पातल्या माणसाची अडचण इथेच झाली, कारण तो ना तुरुंगात, ना त्याच्या नावे वॉरंट. म्हणून सरहद्द कॅम्पांना वेगळी मान्यता द्यावी लागली, आणि सोबत्यांच्या प्रमाणपत्रांवर भिस्त आली. त्याच फटीतून पुढे खोटी प्रकरणं घुसली, बीड जिल्ह्याचं प्रकरण तर चौकशीसाठी नेमलेल्या पालकर आयोगापर्यंत गेलं. तेव्हा फलकावर गावातल्या कुणाचं नाव घालायचं असेल तर नुसतं "पेन्शन होती" हा पुरावा धरू नका आणि "पेन्शन नव्हती" हेही कारण धरू नका. कैदेचा दाखला, कॅम्पचं नाव, कॅम्पप्रमुखाचं नाव आणि गाव, या चार गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते बघा. परभणीचा माणूस बार्शीच्या कॅम्पात दाखवला असेल तर का, हे विचारा. कारण असूही शकतं.

नकाशेवाला
नकाशाचं मी घेतो. आजचा महाराष्ट्राचा नकाशा घेऊन त्यावर रंग भरू नका, सगळी गंमत जाते.

हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचं. मराठवाड्याचे त्यात पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना (१९८१), लातूर (१९८२), हिंगोली (१९९९) हे जिल्हे नंतरचे. फलकावर "लातूर जिल्ह्यात रझाकारांनी..." असं लिहिलं की घसरलंच.

आजच्या हद्दी तेव्हाच्या नव्हेत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात. किनवट आदिलाबादेत. हे १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत इकडे आले. उदगीरचे आर्य समाजी कार्यकर्ते भाई श्यामलाल यांचा मृत्यू बीदरच्या तुरुंगात का झाला, याचं उत्तर जिल्ह्याच्या नकाशात आहे.

बार्शी तालुका मुंबई प्रांताचा, पूर्वेला आणि उत्तरेला निजामी मुलूख. म्हणून बार्शीकडे कॅम्प. नकाशात ही पाचर स्पष्ट दिसू द्या.

नावं त्या काळची, कंसात आजची. तुमचं अंबाजोगाई सरकारी कागदात मोमिनाबाद आहे. हे माहीत नसलं तर जुन्या कागदात तालुकाच सापडत नाही. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद.

काढायची रीत: अडीच फुटी कागदावर आधी नद्या पेन्सिलीने. गोदावरी मधून, पैनगंगा उत्तर-पूर्वेला हद्द म्हणून, मांजरा आणि तेरणा दक्षिणेला. नद्या बसल्या की गावं आपोआप जागेवर येतात. मग रेल्वे: मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी-नांदेड-सिकंदराबाद मीटरगेज एका शाईने, कुर्डुवाडी-बार्शी-लातूर ही बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी गेज, दुसऱ्या शाईने. हद्द सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हद्द आधी काढतात आणि मग परांडा, भूम कुठेतरी सोलापुरात जाऊन बसतं.

बालाघाटी
गाव कोणाच्या ताब्यात, हेही एखाद्या रंगाने दाखवता आलं तर बघा. राज्यात दिवाणी (थेट सरकारी), सर्फेखास आणि जहागीर असे तीन प्रकार. सर्फेखास म्हणजे निजामाची खासगी जमीन, साधारण दहावा हिस्सा. जहागिरी मिळून जवळपास तिसरा हिस्सा. जहागिरीच्या गावात जुलूम कुणाचा, दाद कुणाकडे मागायची, कागद कुठे ठेवलेले, सगळं वेगळं. शाळेच्या नकाशात सगळी गावं रंगवणं जमायचं नाही, पण तुमच्या शाळेत येणाऱ्या आठ-दहा गावांपुरतं मुलांना शोधायला लावा.

मांजराकाठ
ते गावांचं काम सातवीच्या मुलांना देते. शेवटच्या फलकाबद्दल: १३ ते १७ सप्टेंबर. मुलांनी "भारतीय पोलिसांनी हैदराबाद जिंकले" लिहिलंय.

जुनंदप्तर
हे सर्रास होतं. "पोलीस ॲक्शन" हे सरकारने दिलेलं नाव, कारण दोन देशांचं युद्ध नव्हे, घरातला बंदोबस्त, अशी भूमिका होती. गेलं ते सैन्य. मोहिमेचं नाव ऑपरेशन पोलो, सोलापूरकडून येणाऱ्या मुख्य फौजेचे सेनापती मेजर जनरल जयंतनाथ चौधरी.

१३ सप्टेंबर पहाटे सोलापूरहून निघाले, पहिली लढत नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं हा त्या दिवसाचा कळीचा भाग. पूल उडाला असता तर सोलापूर-हैदराबाद रस्ता तिथेच तुंबला असता. पावसाळा होता आणि रणगाडे, गाड्या काही नदीच्या चिखलातून जात नाहीत. तुळजापूर, उमरगा त्याच टप्प्यात. उत्तरेकडून दुसरी फौज, १४ ला औरंगाबाद, १५ ला जालना. १७ च्या सायंकाळी निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला हैदराबादचा सेनापती अल इद्रूस याने चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. म्हणून दोन तारखा दिसतात. दोन्ही खऱ्या, आपला दिन १७ चा.

१५ ऑगस्टपासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत १३ महिने २ दिवस. दिवस मोजले तर ३९९, कारण १९४८ लीप वर्ष. मुलं ३९८ काढतील, तपासा.

दुधनातीर
या फलकावर एक विनंती. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील होता, हे लिहा. पण "मुसलमान विरुद्ध हिंदू" असा फलक होऊ देऊ नका. "इमरोज" चालवणारे पत्रकार शोएबउल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहिलं, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांचं नाव त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरात. आणि पोलीस ॲक्शननंतर अनेक गावांत मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला, तेही नववीच्या मुलांपासून लपवायचं कारण नाही. स्वामीजींच्या राजकारणात धर्माच्या नावाने राज्य नको हीच भूमिका होती. त्यांच्यावरच्या फलकात उलटं काही लिहिणं बरं दिसणार नाही.

बालाघाटी
पूर्ण सहमत. आणि फलक १९४८ ला संपवू नका. बहुतेक ठिकाणी स्वामीजी १७ सप्टेंबरला तुरुंगातून बाहेर येतात आणि पुढे एकदम २२ जानेवारी १९७२ ला निधन. मधली तेवीस वर्षं कुठे गेली? १९५२ ला गुलबर्ग्याहून लोकसभेत, १९५७ ला औरंगाबादहून. हैदराबाद राज्य भाषेवार मोडावं आणि मराठवाडा महाराष्ट्रात यावा, हा त्यांचा आग्रह. ज्या राज्यासाठी तुरुंग भोगले ते राज्यच १९५६ ला विसर्जित करायला तयार झालेला पुढारी दुसरा दाखवा. समाधी हैदराबादला बेगमपेठेत. नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं, स्थापना १७ सप्टेंबर १९९४.

फ्लेक्समास्तर
मजकूर झाला असेल तर छपाईचं बघा, नाहीतर सगळी मेहनत दुकानात वाया जाईल.

फ्लेक्स नको, वाऱ्याने फडफडतो आणि दोन फुटांवर सुरकुती दिसते. पाच मिलिमीटर सनबोर्डावर (हलका फोमचा बोर्ड) छपाई चिकटवून घ्या. पुढच्या वर्षीही कामाला येतो.

मोबाईलवर टाईप केलेला मजकूर दुकानदाराला तसाच पाठवू नका. तालुक्याच्या दुकानात कोरलमध्ये (फलक मांडायचं सॉफ्टवेअर) जुना श्रीलिपीसारखा फॉन्ट असतो. युनिकोड मजकूर तिथे पेस्ट केला की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. "सत्याग्रह", "मुक्तिसंग्राम", "श्रॉफ", "हिप्परगा" हे चार शब्द हमखास मोडतात. पीडीएफ करून द्या, फॉन्ट आत बसवलेला. आणि छापायच्या आधी ए-फोर कागदावर प्रत काढून हेच चार शब्द पहिल्यांदा बघा.

एका फलकावर साठ-सत्तर शब्द, फार तर ऐंशी. वर तुम्ही सगळ्यांनी जे सांगितलंय ते सगळं कोंबलं तर सहाशे होतील आणि कुणी वाचणार नाही. मुख्य मजकूर तीस पॉइंटच्या खाली नको. शीर्षक दहा फुटांवरून वाचता यावं.

फोटो: बारा इंच रुंद छापायचा तर किमान अठराशे पिक्सेल रुंदी हवी. मोबाईलवर आलेला फोटो बहुतेक आठशे-हजाराचा असतो, मोठा केला की चेहरा पुसट. लहानच ठेवा, सहा इंच. धारदार दिसेल.

मांजराकाठ
दोन रकान्यांचा फलक असा झालाय, एकदा नजर टाका:

| स्वामीजी | बाहेर |
|---|---|
| १५ ऑगस्ट १९४७: हैदराबादेत तिरंगा, अटक | सरहद्दीवर कॅम्प, जंगल सत्याग्रह, करोडगिरी नाके |
| नोव्हेंबरअखेर: सुटका | २९ नोव्हेंबर: जैसे थे करार |
| जानेवारी १९४८ अखेर: पुन्हा अटक | ३० जानेवारी: उमरी बँक कारवाई, सुमारे २१ लाख हाली (१८ लाख कलदार) |
| तुरुंगात | ऑगस्ट: शोएबउल्ला खान यांचा खून |
| सुटका | १३ ते १७ सप्टेंबर: ऑपरेशन पोलो |

पैनगंगापार
चांगलं झालंय. उमरीच्या ओळीत "उमरखेड कॅम्प, बाबासाहेब परांजपे" एवढं घाला, आणि नकाशावर उमरखेडहून उमरीकडे जाणारा बाण काढा. परतीचा बाणही हवा, पैनगंगा ओलांडणारा. दोन्ही बाण एकाच रेघेवर काढू नका, एकमेकांवर बसले की एकच दिसतो.

नकाशेवाला
आणि बाण लाल नको, रेल्वे लाल असेल तर. निळा नदीला गेलाय. हिरवा घ्या.